विहिरीमागची नर्सरी

मी घरी परतलो त्या दिवशी मम्मीने शेजारणीला दारातूनच सांगून टाकलं, "झील इलो गो, रजेर."

सूटकेस अजून रिक्षातच होती. मी चपला काढत होतो, तो तसाच वाकलेला राहिलो. खरं काय ते मी फोनवर दोघांनाही सांगितलं होतं. बोटीच्या कंपनीच्या मेडिकलमध्ये माझी शुगर आणि ब्लड प्रेशर दोन्ही मर्यादेत बसलं नाही, करार पुन्हा होणार नाही, आणखी दोन-तीन कंपन्यांत विचारलं तर तिथेही तेच उत्तर. मम्मी फोनवर म्हणाली होती, "बरा, घरी ये." पप्पांनी ऐकून फोन तिच्याकडे दिला होता. आणि आता मी रजेवर आलो होतो.

शेजारीण म्हणाली, "बारीक झालो गो पोरगो." मम्मी म्हणाली, "बोटीरचा जेवाण तसलाच." मी दोघींकडे बघून हसलो. त्या हसण्याने माझीही त्या बोलण्यावर सही झाली, हे मला नंतर कळलं.

आमचं घर मालवणहून तोंडवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. पुढे खुरीस, म्हणजे आमचा दारातला क्रूस, त्याच्यासमोर मम्मीने लावलेल्या सदाफुल्या, मग पडवी. पप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही, मास्तरच म्हणतात. रविवारी चर्चमध्ये बायबलचं पहिलं वाचन त्यांचं असतं. आवाज अजून खणखणीत आहे. मी बोटीवर केबिन स्टुअर्ड होतो. म्हणजे प्रवाशांच्या खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, संडास-बाथरूम घासायचं, आणि टॉवेलाचे हत्ती, ससे करून पलंगावर ठेवायचे. गावाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. गावाला ठाऊक होता तो हॉलमधला फोटो, पांढरा शर्ट, खांद्यावर पट्टी, मागे निळा समुद्र. त्या फोटोकडे बघून लोक म्हणत, मास्तरांचो झील बोटीर मोठ्या कामार आसा.

पहिले दोन महिने बरे गेले. रजा तेवढी असतेच. मग विचारणा सुरू झाली. चर्चच्या फाटकाशी, मासळी घेताना, न्हाव्याकडे गळ्याभोवती कापड गुंडाळून बसलेलं असताना, सगळीकडे एकच प्रश्न. "मगे, परत कधी जातलंस?"

"कॉल येतलो आता," मी म्हणायचो.

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसायचं. पाऊस कधी पडेल, तसंच ते विचारणं. पण मला मासळीवालीच्या समोर उभं राहणं नको वाटायला लागलं. मी पुढच्या दाराने बाहेर पडणं कमी केलं. चर्चला जायचो ते वाचन सुरू झाल्यावर, आणि शेवटचं गाणं चालू असतानाच निघायचो. घराच्या मागे विहीर, तिच्यापलीकडे कपडे धुवायचा दगड, आणि त्याच्याही मागे माडांच्या सावलीत मम्मीने कशाकशात लावून ठेवलेली झाडं. फुटक्या घागरीत, तेलाच्या डब्यांत, जुन्या प्रेशर कुकरात. क्रोटन, अबोली, जास्वंद, अँथुरियम. रस्त्यावरून तिथलं काही दिसत नाही. मी सकाळची चहाची कपबशी घेऊन तिथेच बसायला लागलो.

हाताला काहीतरी हवं म्हणून क्रोटनच्या फांद्या छाटून मातीत खोचल्या. त्या जगल्या. मग जास्वंदीच्या खोचल्या, त्या कुजल्या. फोनवर व्हिडिओ बघून कळलं की मी पाणी फार घालत होतो. जांभ्याची माती, वाळू, कुजलेलं शेण असं मिसळून पुन्हा लावल्या, तेव्हा निम्म्याशा फुटल्या. काळ्या मिरीचे वेल पोफळीवर होते, त्यांची कांडी काढून पिशव्यांत लावली. कोकमाच्या बिया रुजत घातल्या. कुडाळहून काळ्या पिशव्यांचा गठ्ठा आणला, हिरवी जाळी आणली, बांबू रोवून ती वर ताणली. पिशवीत माती भरून ती दोन्ही अंगठ्यांनी कडेने दाबायची, मधे बोट घालून खळगा करायचा. ते करताना डोक्यात काही येत नाही. बोटीवर चादरीचा कोपरा दुमडताना असंच व्हायचं.

मम्मी खूश होती. "हाताक काम आसला तर बरा," असं ती म्हणायची आणि तांदूळ धुतलेलं पाणी आणून झाडांना घालायची.

जाळीखाली जागा पुरेना, तेव्हा एका दुपारी जेवताना मी म्हटलं, "ही रोपां विकूया म्हणतंय. रस्त्यार एक बोर्ड लावतंय, नर्सरी म्हणान."

पप्पांनी घास ताटात ठेवला. "बोर्ड नको," ते म्हणाले.

"कित्याक?"

"नको म्हटलंय मां."

त्यांनी कारण दिलं नाही. रोपं विकणं त्यांना हलकं वाटत होतं असं नाही, निदान मला तसं वाटत नाही. ते स्वतः कमरेला पंचा गुंडाळून माडांना आळी करणारे गृहस्थ. पण रजेवर आलेला माणूस रस्त्यावर बोर्ड लावत नाही. बोर्ड लागला की गावाला कळणार, मास्तरांचा मुलगा परत जात नाही. मला ते समजलं. मलाही कुठे कळवायचं होतं?

पण झाडं वाढतात, त्यांना कोणाचं काही नसतं. तोंडवलीला एक बाई होम-स्टे चालवतात. त्या चर्चच्या कामाने मम्मीकडे आल्या होत्या. पाणी प्यायला मागच्या दारी आल्या आणि जाळीखालच्या बोगनवेली बघून थांबल्या. मी तेव्हा न्हाणीघराच्या भिंतीमागे शेणखत चाळत होतो. अंगात बनियन, कोपरापर्यंत हात बरबटलेले. मी पुढे झालो नाही, तिथेच उभा राहिलो.

"ही झाडां विकूक काय गो?" बाईंनी विचारलं.

"छे गो! विकूक कसली? झिलाची हौस. रजेर आसा, येळ जाणा नाय तेचो."

"माका होम-स्टेच्या कुंपणाक व्हयी होती."

"मगे घेवन जा ना. तुझ्याकडसून पैसे घेवचे काय?"

आणि मम्मीने मी महिनोन्‌महिने वाढवलेल्या बोगनवेली एकेक करून त्यांच्या गाडीत नेऊन ठेवल्या. मी भिंतीमागे चाळण हातात घेऊन ते ऐकत होतो. बाहेर येऊन "पैसे पडतील" असं म्हणायला तोंड लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्या बाई आपल्या जावेला घेऊन आल्या. मम्मीने जावेलाही दिली. मग जावेची बहीण आली.

मी मम्मीवर चिडलो. ती पदराने हात पुसत म्हणाली, "मी काय सांगतलंय तिका? माझ्या झिलाक काम नाय, म्हणान पैसे दी?"

 घरी धंदा होणार नाही हे कळलं. म्हणून मी कुडाळचा आठवडा बाजार धरला. कुडाळात मला कोणी ओळखत नव्हतं. गावातला टेम्पो केला असता तर बातमी फुटली असती, म्हणून पलीकडच्या गावातला एक तीनचाकी ठरवला. तो सकाळी मागच्या पाणंदीने यायचा. क्रेटमध्ये रोपं रचायची, वर गोणपाट टाकायचं, आणि निघायचं. घरी मी म्हणायचो, कुडाळला जरा काम आहे. मम्मी डबा द्यायची. काय काम ते पप्पा विचारत नसत.

बाजारात जमिनीवर प्लास्टिक अंथरून बसायचं. एका बाजूला सुपं-टोपल्या विकणारी बाई, दुसऱ्या बाजूला सुक्या मासळीचे ढीग. डोक्यावर टोपी कपाळापर्यंत ओढून मी बसलो. पहिल्या दिवशी माझ्या तोंडातून आवाजच निघेना. सगळे ओरडत होते, मी मान खाली घालून पिशव्यांवरची माती पुसत होतो. टोपल्यावाली शेवटी म्हणाली, "आरड रे वायच! झाडां काय आपणाहून सांगतली, आमका घेवा म्हणान?" मी हळूच म्हटलं, "मिरी... मिरीची रोपां..." ती इतकी हसली की तिच्या हसण्यानेच दोन गिऱ्हाइकं वळली.

हळूहळू जमायला लागलं. मिरीची रोपं चांगली जायची, अबोली जायची. लोक भाव पाडून मागायचे, तेव्हा मला बरंच वाटायचं, कारण त्यांच्या लेखी मी एक रोपंवाला होतो, बाकी कोणी नव्हतो. बाजाराचा दिवस हा माझा आठवड्यातला सर्वात मोकळा दिवस होऊन बसला.

श्रावणातल्या एका बाजारी मी क्रोटनच्या पिशव्यांवर पाणी शिंपडत होतो. समोर कोणाचे तरी पाय येऊन थांबले आणि आवाज आला, "मास्तरांनू, हयसर बघा. अँथुरियम काय सुंदर आसत!"

मी वर पाहिलं. बोलणारे गृहस्थ कुडाळचे निवृत्त हेडमास्तर होते. पप्पांबरोबर त्यांनी कधीकाळी एका शाळेत काम केलं होतं. मी लहान असताना ते घरी यायचे, त्यानंतर आमची भेट नाही. आणि त्यांच्यामागे, छत्री काखेत धरून, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, पप्पा उभे होते.

पप्पांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. हेडमास्तर वाकून फूल निरखत होते.

"ह्या झाड कसा दितंस रे?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं पप्पा आता काहीतरी बोलतील. ते माझ्या टोपीच्या वर, कुठेतरी मागे बघत होते. त्यांचा कंठमणी एकदा वर जाऊन खाली आला. ते काय ठरवतायत हे मला त्यांच्याआधी कळलं, आणि मग मीच त्यांची सुटका केली.

"शंभर, सायबानू," मी म्हटलं.

"शंभर? मातयेक सोन्याचो भाव लावलंस काय?" हेडमास्तर पप्पांकडे वळले. "तुमका काय वाटता, मास्तरांनू? जास्ती नाय?"

"बरा आसा झाड," पप्पा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कमी करतंस काय?"

माझ्या बापाने मला भाव कमी करायला सांगितला. मी म्हटलं, "ऐंशी दिवा. तुमच्यासाठी म्हणान."

"तुमचो झील बोटीर आसा मां?" हेडमास्तर सरळ होत म्हणाले. झाडावरून त्यांना ते का आठवलं कोण जाणे. कदाचित सहजच. "रजेर इल्लो म्हणान आयकलेलंय."

"इल्लो," पप्पा म्हणाले. "गेलो परत."

"बरा झाला. नशीबवान पोरगो."

मी पिशवी सुतळीने बांधत होतो. गाठ बसेना. पप्पांनी घाईघाईने पाकीट काढून पैसे पुढे केले. हेडमास्तर "मी दितंय, मी दितंय" म्हणत असताना त्यांना मागे सारून केले. त्यांना तिथून लवकर निघायचं होतं. मी पैसे घेतले. आमची बोटं लागली नाहीत, नोटांचं एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं माझ्या. झाड त्यांनी हेडमास्तरांच्याच हातात दिलं. "तुमका घेवा, माझ्याकडसून."

"पाणी वायच कमी घाला," मी म्हटलं. "उनात ठेवू नकात." एवढं बोलायला हवंच होतं, प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तेच सांगायचो.

ते दोघं गर्दीत गेले. पप्पांचा पांढरा शर्ट भांड्यांच्या दुकानापर्यंत दिसत होता. त्यांनी वळून पाहिलं नाही, आणि मी मनात म्हणत होतो, वळू नका, वळू नका. टोपल्यावाली म्हणाली, "तुका बरा नाय काय रे? घाम फुटलो तो?" तिने मला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी पोहोचलो, तेव्हा पप्पा एसटीने आधीच आले होते. जेवताना बांगड्याचं तिखलं होतं. पप्पा म्हणाले, "मीठ कमी आसा." मम्मी म्हणाली, "कधी नाय ता?" कारण पप्पा जेवणाला नावं ठेवत नाहीत.  मी पाण्याचा तांब्या उचलायला आणि त्यांनी हात पुढे करायला एकच गाठ पडली, तेव्हा दोघांनीही हात मागे घेतले.

पुढचे काही आठवडे ते मला वाट द्यायला लागले. मी पडवीत आलो की ते आत जायचे, मी आत गेलो की ते बाहेर. रविवारी ते माझी वाट न बघता सकाळच्या पहिल्या मिस्साच्या प्रार्थनेला एकटेच जाऊ लागले. मम्मी विचारायची, "काय झाला तुमचा दोघांचा?" आम्ही दोघंही "काय नाय" म्हणायचो, तेही एकाच सुरात.

मला त्यांचा राग यायला हवा होता. तसा प्रयत्नही मी करून पाहिला. पण राग आला की लगेच त्यांचा तो कंठमणी डोळ्यांपुढे यायचा, वर जाऊन खाली आलेला. भर बाजारात माझ्यामुळे त्या माणसाला खोटं बोलावं लागलं, असंच मला वाटत राहिलं. बाजारात जाणं मी थांबवलं नाही, पण जागा बदलली. एसटी स्टँडच्या रस्त्याने येणाऱ्याला दिसू नये अशी, कोपऱ्यातली जागा घेतली. तिथे विक्री निम्म्यावर आली. टोपल्यावालीला कारण सांगता आलं नाही.

नाताळाच्या थोडं आधी हेडमास्तर आमच्या घरी आले, न सांगता. नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. पप्पा आंघोळीला गेले होते. मम्मीने त्यांना पडवीत बसवलं, पण ते एसटीच्या थांब्यावरून चालत आले होते, पाय धुवायचे म्हणाले. मम्मीने सांगितलं, "मागे विहिरीर पाणी काढलेला आसा." मी विहिरीमागे मिरीच्या कांड्या लावत बसलो होतो. पाय वाजले म्हणून मान वर केली.

"अरे!" हेडमास्तर म्हणाले. "तू तो बाजारातलो मां? अँथुरियमवालो! हंय कसो तू?"

मी उठून उभा राहिलो. त्यांनी जाळीखाली पाहिलं, रांगेने लावलेल्या पिशव्या पाहिल्या, माझे हात पाहिले. मग त्यांचं त्यांनाच उत्तर सापडलं.

"मास्तरांनी कामाक ठेवल्यानी तुका?"

"होय," मी म्हटलं.

ते 'होय' इतक्या सहज निघालं की मीच चकित झालो. बोटीवर 'येस सर' निघायचं तसं.

"बरा केल्यानी. मास्तर माणूस चांगलो. पगार येळेर दितत मां?"

"दितत."

"खंयचो तू?"

"तोंडवलीचो."

तेवढ्यात मागचं दार वाजलं. न्हाणीघर दाराला लागूनच आहे, पप्पांनी आतून सगळं ऐकलं असणार. ते पायरीवर उभे होते. खांद्यावर टॉवेल, केस ओले, चष्मा नाही, त्यामुळे डोळे लहान दिसत होते. त्यांनी हेडमास्तरांना नमस्कार केला नाही. ते म्हणाले, "सर."

हेडमास्तर वळले.

पप्पा घरात, गावात, चर्चच्या आवारात नेहमी मालवणीच बोलतात. पण तेव्हा ते शाळेतलं मराठी बोलले. तपासनीस आल्यावर बोलायचे तसं, प्रत्येक शब्द सुटा करून. "सर, हा माझा मुलगा आहे."

"बोटीरचो?"

"बोटीवर होता. आता नाही. प्रकृतीमुळे त्याला परत घेतलं नाही. ही रोपं त्याची आहेत. तो इथे कामाला नाही, हे काम त्याचंच आहे."  ओल्या केसांतून एक थेंब ओघळून नाकावर आला, तो त्यांनी पुसला नाही. "त्या दिवशी बाजारात मी खोटं बोललो."

विहिरीच्या काठावर एक कावळा येऊन बसला होता. त्याच्याकडे बघण्याइतका वेळ मला होता. हेडमास्तरांनी पप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. त्यांचा चेहरा लाल झाला होता. आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त लाज वाटत असावी असं मला वाटलं. न मागता कोणाच्या तरी घरातलं काहीतरी आपल्या हातात आलं, आणि आता ते कुठे ठेवायचं, असं.

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या अँथुरियमची पानां पिवळी पडली रे. खालची."

"पाणी किती घालतास?"

"सकाळ-सांज."

"जास्ती झाला. कुंडयेक खाली भोक आसा काय?"

"आसा. पण खाली बशी ठेवलेली आसा, घरात वल नको म्हणान."

"ती बशी काढा पयली," पप्पा पायरीवरून म्हणाले. ते बोलले आणि त्यांनाच नवल वाटल्यासारखं दिसलं. मग ते खाली आले. आम्ही तिघं त्या पिवळ्या पानांवर, इथे नसलेल्या एका झाडावर, कितीतरी वेळ बोलत राहिलो. नारळाच्या सोडणाचे तुकडे घालावेत की विटेचे, खत कोणतं, कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवावी की नको. एखाद्या आजारी नातेवाइकाबद्दल बोलावं इतक्या गांभीर्याने. मम्मी चहाचा ट्रे घेऊन मागच्या दारात आली, तर आम्ही तिघंही मातीत उकिडवे बसलो होतो. पप्पांच्या अंगात अजून शर्ट नव्हता.

"पाहुण्याक हंय बसवलास?" ती म्हणाली.

जाताना हेडमास्तरांनी पत्रिका पप्पांच्या हातात दिली आणि म्हणाले, "तिगांनी येवा. नक्की."

ते रस्त्याला लागल्यावर पप्पा विहिरीच्या काठावर बसले. मी पिशव्या सरळ करायचं निमित्त करत होतो.

"तोंडवलीचो कधी झालंस रे?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. ते टॉवेलाने मान पुसत राहिले. मग म्हणाले, "तू होय कित्याक म्हटलंस?"

 उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. ते उठले, आणि आत जाता जाता म्हणाले, "बोर्ड लाव तो."

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. बोर्ड मी मालवणात रंगवून घेतला, घरी आणला, आणि न्हाणीघराच्या भिंतीला पालथा टेकवून ठेवला. आज लावतो, उद्या लावतो. नाताळ गेला, नवं वर्ष लागलं. पप्पा जाता-येता बोर्डाच्या कोऱ्या पाठीकडे बघायचे. आता अडवणारं कोणी नव्हतं, तेव्हा कळलं की अडत होतं ते माझंच. पप्पांच्या लाजेच्या आडोशाला मी आरामात बसलो होतो.

शेवटी मम्मीनेच विषय काढला. होम-स्टेवाल्या बाईंची आणखी कोणीतरी ओळखीची येणार होती. मम्मी म्हणाली, "माझ्यान पैसे मागूक जमाचा नाय. मी मेले तरी जमाचा नाय. तो बोर्ड लाव, तोच मागांदे." मी कुदळ घेतली. पप्पांनी खांब धरला. रस्त्यावरून शाळेची मुलं जात होती, ती उभी राहून बघत होती, आणि माझे कान तापले होते. खड्डा खणून होईपर्यंत मी मान वर केली नाही.

त्या रविवारी चर्चच्या फाटकाशी एकाने विचारलं, "मगे आता जाणस नाय?" मी म्हटलं, "नाय." तो म्हणाला, "बरा झाला. माका वायच मिरी व्हयी होती, आसा काय?" पुढच्या रविवारी कोणी विचारलंसुद्धा नाही. वर्षभर मी ज्याला घाबरत होतो ते गावाने एका मिस्सात पचवलं. याचं समाधान वाटायला हवं. मला उलट ओशाळल्यासारखं झालं, की एवढ्याशासाठी?

आता नर्सरी पुढे, खुरिसाच्या बाजूला आली आहे. मालवणातली, तोंडवलीतली होम-स्टेवाली मंडळी येतात, पर्यटकही थांबतात. कुडाळच्या बाजारात मी अजून जातो, आणि पुन्हा टोपल्यावालीच्या शेजारी बसतो. मम्मी ओळखीच्या बायकांना अजून एखादं रोप पदराआड देते, मला कळणार नाही असं तिला वाटतं. पप्पा गिऱ्हाइकांना कलमांबद्दल व्याख्यान देतात. त्यातलं निम्मं चुकीचं असतं, आणि मी ते गिऱ्हाइकाच्या गाडीपर्यंत जाऊन हळूच दुरुस्त करतो.

माझं मात्र एक आहे. गाडीतून चांगले कपडे घातलेलं कोणी उतरलं की भाव सांगायच्या आधी माझ्या तोंडून निघतंच, "मी आधी बोटीवर होतो." कोणी विचारलेलं नसतं. मग मी दोन वाक्यं इंग्रजीत बोलतो. त्यांना कळावं म्हणून. काय कळावं, ते मला सांगता येणार नाही. मम्मी म्हणते, "सगळ्यांका कित्याक सांगत सुटतंस?" मी म्हणतो आता नाही सांगणार. आणि पुन्हा सांगतो.

मागच्या आठवड्यात पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. त्यांनी सोनचाफ्याची दोन मोठी कलमं घेतली. बोटीचं सांगून झालं होतं, बाई "अरे वा" म्हणाल्या होत्या. मी कुंड्या उचलून त्यांच्या गाडीच्या डिकीत ठेवल्या, हलू नयेत म्हणून मधे गोणपाट कोंबलं. गाडी सुरू झाली, खिडकीची काच खाली आली, आणि बाईंनी एक नोट बाहेर धरली. "हे तुम्हाला ठेवा हं. इतकं जड उचललंत."

बोटीवर आमचा अर्धा पगार असाच यायचा. तिथे मी हसून "थँक यू, मॅडम" म्हणायचो आणि पुढच्या खोलीकडे वळायचो, कधी काही वाटलं नाही. इथे माझ्या घराच्या दारात, माझ्या बोर्डाखाली, हात माझ्या आधीच पुढे झाला. मी नोट घेतली. "थँक यू, मॅडम," मी म्हटलं.

गाडी वळणापलीकडे गेली. पप्पा पडवीतून विचारत होते, "काय रे, काय ऱ्हवला तेंचा? कायतरी इसरली?"

"काय नाय," मी म्हटलं, आणि नोट घडी करून खिशात टाकली.